विषय: भाऊसाहेबांच्या पुस्तकाबाबत

ओळ संपली की भाऊसाहेब तोंडाने ‘टिंग’ म्हणायचे. पुटपुटत नाही, चांगलं खणखणीत. मग उजव्या हाताचं मधलं बोट उंच उचलून एंटरवर असं आपटायचे की टेबलावरचा चहा हिंदकळायचा. मी त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचे. सकाळी पूजा उरकली की खालून सुरू व्हायचं: टकटक, टकटक, टकटक, टिंग, धाड! मला आधी वाटलं, घरात कुणाचं तरी लहान पोर देव्हाऱ्यातल्या घंटीशी खेळतंय. मग एकदा पाण्याचं विचारायला खाली गेले, तर पांढरी टोपी, पांढरा सदरा, छातीच्या खिशाला दोन पेनं अडकवलेला सत्तरीचा गृहस्थ संगणकापुढे ताठ बसलेला आणि स्वतःच घंटी झालेला.

कारण साधं होतं. भाऊसाहेबांची उभी नोकरी पौडच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून गेली. टाइपरायटरवर ओळीचं टोक जवळ आलं की घंटी वाजते, मग गाडा ढकलायचा आणि नवी ओळ धरायची. संगणकाला घंटी नाही, म्हणून ती त्यांनी पदरची पुरवली. मी म्हटलं, “भाऊसाहेब, संगणक आपली आपण ओळ मोडतो, तुम्ही एंटर मारू नका.”

“आपली आपण? इचारल्याबिगर?” असं म्हणून त्यांनी त्या यंत्राकडे असं पाहिलं, जसं न सांगता रजेवर गेलेल्या शिपायाकडे बघावं.

कचेरीतल्या कारकुनाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात. बाकीच्यांचं ते निवृत्तीबरोबर सुटतं, यांचं सुटलं नाही. कारण यांनी कचेरीच सोडली नव्हती. महाळुंग्यातल्या त्यांच्या शेताच्या जागी आता आभाळाला टेकलेल्या इमारती होत्या, गावठाणातलं घर तेवढं उरलेलं, आणि त्या घरात मेथीची जुडी आली तरी ती ‘आवक’ असायची. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “पाहून कळवतो.” एकदा जेवायला काय करू म्हणून बायकोने विचारलं, तेव्हाही हेच म्हणाले. त्या माऊलीनं त्या दिवशी पिठलं टाकलं आणि कळवलंसुद्धा नाही.

ती माऊली म्हणजे काकी. त्यांची माझी ओळख झाली ती नळामुळे. माझ्या मोरीतला नळ गळायला लागला, म्हणून मी खाली जाऊन सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, “अर्ज द्या.” मला वाटलं थट्टा करताहेत. कसली थट्टा! तोंड एकदम गंभीर. शेवटी कागद घेऊन लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, वर ‘मा. महोदय’ राहिलंय म्हणून परत केलं, आणि दुरुस्त करून आणल्यावर कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून खिशात ठेवलं.

“आता?” मी विचारलं.

“आता वर जाईल.”

वर कोण होतं? वर मीच राहत होते की!

शेवटी काकी जिना चढून आल्या. पदर खोचला, बोटांनी चाचपत चाचपत नळ उघडला, जुना वायसर काढून नवा बसवला आणि हात पुसत म्हणाल्या, “ह्यांच्या नादाला लागू नगंस बाय. माझ्या लग्नातल्या शालूची मंजुरी अजून यायचीय.” काकींचं माहेर ताम्हिणीचं. घाटातल्या पावसात वाढलेली बाई, कशाला म्हणून भ्यायची नाही. त्या चाचपत का होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता माझ्या कामाचं सांगायला हवं. मी मूळची उदगीरची. लोकांच्या वर्डमधल्या फाइली घेऊन त्यांची ई-पुस्तकं करणाऱ्या एका ठिकाणी कामाला होते, काम सगळं घरून. लेखक फाइल पाठवतात, मी ती धुऊनपुसून फोनवर, टॅबवर वाचता येईल अशी करते. धुणीभांडीच ती, फक्त अक्षरांची. काय काय नमुने बघितलेत म्हणून सांगू! पण भाऊसाहेबांची फाइल बघितली आणि आधीच्या सगळ्यांना मी मनातल्या मनात माफ केलं.

एका दुपारी, काकी भजनाला गेल्याची खात्री करून ते वर आले. दार सताड उघडं ठेवलं, पण आवाज असा दाबला की जसं काही फितुरी चाललीय. खिशातून सुपारीची डबी काढली, डबीतून पेनड्राइव्ह.

“म्याडम, ह्यात पुस्तक हाय. त्याचं तुमी करता तसं करा. अक्षर मोटं मोटं करता येतं, त्ये.”

“कशावर लिहिलंय?”

भाऊसाहेब खिडकीबाहेरची एक इमारत खालपासून वरपर्यंत बघून आले आणि म्हणाले, “तुमच्या काकीवर.”

“तक्रार?” माझ्या तोंडून निघूनच गेलं.

“तक्रार कशापायी? चांगलं त्येवढंच लिवलंय. वाईट काय असंल ते तिला तोंडावर सांगतोच की.”

मग सावकाश एकेक उलगडलं. काकींची साखर डोळ्यांत उतरली होती. डॉक्टरांनी भाऊसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, गेलंय ते परत यायचं नाही, आणि उरलंय ते किती टिकेल याचा भरवसा नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी बाई, तिला आता दुकानाच्या पाट्यांखेरीज काही लागत नव्हतं. छापील पुस्तकाचा उपयोग नव्हता. पण भाचीच्या टॅबवर अक्षर बोरांएवढं करता येतं हे भाऊसाहेबांनी एका लग्नात बघितलं होतं, आणि तिथेच त्यांनी हे मनात घेतलं होतं.

“तिनं सोता वाचाय पायजे. दिसतंय तवर.”

मी मधला मार्ग काढला. “हल्ली टॅब वाचूनही दाखवतो. बाईच्या आवाजात.”

“म्हंजी? माझ्या बायकूला मी काय लिवलंय ते दुसरी बाई सांगणार?”

“मग तुम्हीच वाचून दाखवा ना!”

भाऊसाहेबांनी रिकामी डबी मिटून खिशात टाकली. “तोंडानं सांगता आलं असतं, तर लिवलं कशाला असतं म्याडम?”

मी पेनड्राइव्ह ठेवून घेतला.

फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक ओळीमागे एंटर. मथळा मधोमध आणायला स्पेसबार दाबून दाबून पाडलेल्या मोकळ्या जागांची रांग. पानाखाली हाताने टाइप केलेला आकडा, त्याच्याखाली ‘कृ.मा.प.’, म्हणजे कृपया मागे पहा, आणि दर पानाच्या शेवटी ‘सही/-’. हो, दर पानाच्या शेवटी! उद्या कोणी मधलं पान बदललं तर? प्रकरणांना नावं नव्हती, विषय होते. ‘विषय: विवाहाबाबत.’ ‘विषय: पहिल्या भांडणाबाबत.’ त्याखाली ‘संदर्भ: थोरल्या मामांचे तोंडी सांगणे.’ आणि मजकूर? मी पहिलं पान वाचलं आणि उशीत तोंड खुपसून हसले, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

‘सदर मुलगी अंगाने सडपातळ असून स्वभावाने तापट असल्याचे प्रथमदर्शनी दिसून आले. पोहे तिने स्वतः केल्याचे सांगण्यात आले, तथापि त्याबाबत खातरजमा होऊ शकली नाही. सबब होकार कळविण्यात आला.’

भाषा मी बदलणार नव्हते. ती बदलली असती तर ते भाऊसाहेब राहिलेच नसते. पण एंटर काढायलाच हवे होते. ई-पुस्तकात पान नावाची गोष्टच ठरलेली नसते. अक्षर मोठं केलं की मजकूर आपोआप खाली सरकतो, पाणी उतारानं जातं तसा. आणि मध्ये मध्ये एंटर ठोकलेले असले की ओळीचं शेपूट तुटून खाली पडतं, पुढे सगळं ओसाड. काकी भजनाला गेल्यावर मी खाली ओट्यावर बसून त्यांना माझ्या टॅबवर दाखवलं. काकींना लागेल एवढं अक्षर केलं, तर पडद्यावर एक पुरी ओळ, खाली एकच शब्द, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक शब्द. आणि पानांचे आकडे वाक्यात घुसलेले: ‘एसटीत गर्दी असल्याने मी तिचा हात १७ धरला.’

भाऊसाहेबांनी टॅब उलटासुलटा करून पाहिला. “ह्ये लवासाच झालं की! जागा लई, वस्ती न्हाई.”

“म्हणून म्हणते, एंटर काढू या.”

“काढायचं न्हाई,” ते एकदम म्हणाले. “ओळ माझी हाय. कुटं मोडायची ते मी ठरीवलंय. तुमचा टॅब कोण लागून गेला?”

“अहो, पण काकींना वाचता यायचं नाही!”

“एवढं काय? कळतंय की.”

मी चिडले. मला काय, लवकर काम संपलं तर बरंच होतं. पण डोक्यात गेलं माझ्या! एवढा खटाटोप कोणासाठी, आणि अडून बसलेत कशावर, तर एंटरवर! मी टॅब त्यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, “वाचा मग. पहिलं पान वाचून दाखवा.” ओट्यावर काकींचा जुना जाड भिंगांचा चष्मा पडलेला होता. भाऊसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतःचा काढून तो डोळ्यांना लावला. बराच वेळ टॅब जवळ नेला, लांब नेला. एक शब्द लागायचा, पुढचा शोधेपर्यंत आधीचा हरवायचा. ओळीचं टोक सापडेना. शेवटी टॅब मांडीवर ठेवून ते तसेच बसून राहिले, डोळ्यांवर बायकोचा चष्मा.

“हिला आसं दिसतंय व्हय?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “काढा. समदं काढा.”

मात्र काढताना स्वतः हजर राहीन, ही अट. अतिक्रमण हटवताना पंच उभे असतात तसे माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. मी परिच्छेदांच्या शेवटी खुणा करून घेतल्या, ‘शोधा आणि बदला’ उघडलं, कळ दाबली, आणि त्यांचे सगळे एंटर एका दमात गेले. भाऊसाहेबांच्या तोंडून ‘आरारारा’ निघालं. पण दुसऱ्या क्षणी त्यांचे डोळे चमकले.

“ह्ये एकदम समदीकडं बदलतंय व्हय?”

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब फाइल बघायला मागून घेऊन गेले आणि संध्याकाळी मोठ्या खुशीत परत आले. पुस्तकात सारखं ‘मी’, ‘मी’ बरं दिसत नाही, कचेरीच्या पत्रात कधी ‘मी’ नसतं, म्हणून त्यांनी मोठ्या मनानं ‘मी’च्या जागी सगळीकडे ‘आम्ही’ करून टाकलं होतं. एकदम, समदीकडं. मी फाइल उघडली. पहिल्याच भांडणाच्या प्रकरणात वाक्य होतं: ‘भाजीत आम्हीठ नेहआम्हीप्रमाणे कआम्ही होते.’

मी हसत सुटले ते थांबेचना. भाऊसाहेब आधी रागावले, मग वाकून बघितलं, मग तेही लागले हसायला. टोपी काढून डोळे पुसले. “आम्हीठ! आयला, ह्ये मला कचेरीत घावलं असतं तर एकेकाची बातआम्ही केली असती!”

खालून काकींचा आवाज आला, “काय चाललंय रं बाबा वर?”

दोघंही चिडीचूप. काकींना वाटत होतं, भाऊसाहेब शेजारच्या टॉवरवाल्याविरुद्ध अर्ज लिहिताहेत. “लिवू दे,” त्या मला म्हणायच्या, “मेल्यांनी माझ्या कुरडयांचं ऊन खाल्लंय.”

‘आम्ही’ पुन्हा ‘मी’ करणं सोपं होतं, पण मुळात जिथे ‘आम्ही’ होतं तिथेही आता ‘मी’ झालं. ‘मी दोघे आळंदीला गेलो’, असा प्रकार. तेव्हा सगळं पुस्तक शब्दन् शब्द वाचण्यावाचून इलाज उरला नाही. तोवर मी ते नुसतं विंचरत होते, उवा शोधाव्यात तसं. आता वाचायला बसले आणि हसत हसत शेवटच्या विषयापर्यंत आले. ‘विषय: आईच्या आजारपणाबाबत.’ भाऊसाहेबांची आई, काकींच्या आत्याबाई, अंथरुणाला खिळून होती, आणि भाऊसाहेब कचेरीत. तिचं सगळं काकींनी केलं. हगणंमुतणं, भरवणं, शिव्या खाणं. भाऊसाहेबांनी ते सगळं तारखेनिशी लिहिलं होतं, आणि शेवटी हे:

‘सदर कामाची कोणीही दखल घेतली नाही. मीही घेतली नाही. आईने जाताना माझा हात धरला, तिचा धरला नाही, हे तिने पाहिले. त्या सर्वाची पोच तिला आजपर्यंत कोणी दिलेली नाही. ती मी याद्वारे देत आहे.’

माझं हसू पार बंद झालं. मी रडले, सांगायला लाज कसली. माझ्या आईनंही आजीचं असंच सगळं काढलंय, आणि आमच्या घरात कोणी तिला असला कागद दिलेला नाही. माझ्या वडिलांना तर टायपिंगही येत नाही.

त्याच आठवड्यात मी खाली चहाला बसलेले असताना काकींनी किटली उचलली आणि भाऊसाहेबांच्या कपाशेजारी, सरळ टेबलावर, चहा ओतला. काकींना कळलंच नाही. मी तोंड उघडणार, तोच भाऊसाहेबांनी डोळ्यानं दटावलं, “बास बास, भरला,” म्हणाले, आणि रिकामा कप तोंडाला लावून मोठ्यानं भुरका मारला. “आज आलं झकास पडलंय.” काकी खूश होऊन आत गेल्या. भाऊसाहेब पंच्यानं टेबल पुसत राहिले, पुसून झालं तरी पुसत राहिले.

“म्याडम, प्रकरण तातडीचं हाय,” एवढंच म्हणाले.

मी बाकीची कामं बाजूला टाकली. मथळे ठळक करून मधोमध आणले, अनुक्रमणिका अशी केली की बोट लावलं की विषय उघडेल, ‘कृ.मा.प.’ हटवलं. सह्यांवरून पुन्हा भांडण झालं, शेवटी प्रत्येक विषयाखाली एक सही यावर तडजोड झाली. अक्षर जाड, ठसठशीत घेतलं, दोन ओळींत हवा ठेवली, आणि कितीही मोठं केलं तरी मजकूर कुठे तुटत नाही हे टॅबवर घासूनपुसून तपासलं. इतकं देखणं पुस्तक मी पगार घेऊनही कधी केलं नसेल.

आता द्यायचं कोणी? भाऊसाहेबांनी कानाला हात लावले. “तुमी द्या. माझ्याकडनं जावक झालं.” आणि चपला अडकवून जे बालेवाडीकडे सुटले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

भाऊसाहेबांनी आणून ठेवलेला नवा टॅब मी काकींना दिला आणि त्यांनी तो नाकाशी नेला. पडद्यावर जेमतेम चार-पाच शब्द मावत होते. एकेक अक्षर लावून त्यांनी वाचलं, “विषय... विवाहाबाबत.” आणि टॅब खाली घेतला. “ह्ये मेलं त्यांचंच हाय. ‘बाबत’ दुसरं कोण लिवणार?” मग पुन्हा वर धरला. मी हळूच उठून आले.

पुढे रोज त्या जेवणं उरकल्यावर ओट्यावर उन्हाच्या तुकड्यात बसायच्या आणि बोटानं पडदा सरकवत वाचायच्या. कधी एकट्याच हसायच्या, कधी “खोटं!” म्हणून ओरडायच्या. पण नवऱ्याशी त्यावर चकार शब्द नाही. भाऊसाहेबांचा जीव टांगणीला. सारखे वर येऊन मला विचारायचे, “अहवाल काय?”

“तुम्हीच विचारा की त्यांना!”

“मी कसं इचारू? प्रकरण आता तिच्या टेबलावर हाय.”

नोकरी बदलून मला नाशिकला जायचं ठरलं, तोवर हे असंच चाललेलं. टेम्पोत सामान चढलं आणि मी पाया पडायला खाली गेले. ओट्याच्या या टोकाला काकी, मांडीवर टॅब. त्या टोकाला भाऊसाहेब, तोंडापुढे पेपर. मी वाकले तसा काकींनी माझा हात धरून ठेवला.

“वाचून झालं बाय. परवाच झालं.”

पेपर हलायचा थांबला.

“समदं झालं?” मी विचारलं.

“आत्याबाईंच्या दुखण्यापतुर झालं. ते दोनदा वाचलं.” डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं टिपलं. नवरा चार हातांवर बसलेला, पण बोलल्या माझ्याशीच. “तितंच थांबलंय बघ. आत्याबाई गेल्यावर का आमी दोघं मेलो व्हतो? म्होरलं कुटं हाय? त्येंला सांग, अजून लिवा म्हणावं. मला अजून दिसतंय.”

मी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, म्हणून निघाले.

टेम्पो वळताना मागे बघितलं. ओट्यावर काकी एकट्याच होत्या, पेपर खाली पडला होता, आणि उघड्या दारातून आतल्या खोलीत भाऊसाहेब संगणकापुढे खुर्ची ओढून बसताना दिसले.